थंड एंजिनाचा इतिहास

सीबीडी बेलापूर हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर कोकण भवन, सिडको भवन आणि रिझर्व्ह बँक यांच्या भव्य वास्तू उभ्या राहतात. परंतु या कचेऱ्यांच्या मागे पारसिकचा डोंगर आहे, आणि त्याच्या उतारावर माणसांची घरेही आहेत. अशाच एका घरासमोर, सकाळी सात वाजता, एक गृहस्थ नुकत्याच विकत घेतलेल्या जुन्या डिझेल मोटारीत बसून किल्ली फिरवीत आहेत असे चित्र कल्पावे. एंजिन खरखरते, धापा टाकते, आणि पुन्हा गप्प होते. मुलांची शाळेची वेळ टळत आहे. सज्जातून शेजारी पाहत आहेत. गृहिणी काही बोलत नाही; पण न बोलण्यातही पुष्कळ बोलणे असते, कारण मोटारीसाठी जी रक्कम मोजली ती दोघांच्या तीन वर्षांच्या काटकसरीची आहे. आठव्या की नवव्या प्रयत्नास एंजिन एकदाचे जागे होते, आणि मग दिवसभर ते असे चालते की जणू त्याला कधी काही झालेच नव्हते.

हीच मोटार सौद्याच्या दिवशी, भर दुपारी, किल्लीला बोट लावताच सुरू झाली होती. मग विकणाऱ्याने फसविले काय? की एंजिन आतून झिजले आहे? की ही एखादी क्षुल्लक उणीव असून पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूने ती दूर होण्यासारखी आहे? या प्रश्नांची उत्तरे केवळ पाने-पान्हे हाती घेऊन मिळत नाहीत. त्यासाठी या यंत्राचा जन्म कसा झाला हे थोडे पाहावे लागते. कारण डिझेल एंजिनाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात सर्वांत जुने दुखणे जर कोणते असेल, तर ते सुरू होण्याचेच होय.

पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी असते. वीज येते, ठिणगी पडते, वायू पेटतो. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नाही, आणि हेच त्याचे सारे वैशिष्ट्य आहे. सायकलीच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव लहान मुलालाही असतो. हवा कोंडून दाबली की ती तापते. ती तिच्या मूळ व्याप्तीच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली, तर तिचे उष्णमान पाचशे अंशांच्या वर जाते. अशा हवेत तेलाचा बारीक तुषार सोडला की तो आपोआप पेट घेतो. तत्त्व इतकेच. परंतु त्यात एक अट दडलेली आहे. हवा वेगाने दाबली गेली पाहिजे, नाहीतर तिची उष्णता थंड लोखंडात विरून जाते. आणि ती कोठूनही निसटता कामा नये. म्हणजे जे एंजिन चालू आहे त्याला चालू राहणे सोपे, आणि जे बंद व थंड आहे त्याला पहिली ठिणगी स्वतःच्या श्वासातून निर्माण करणे अतिशय कठीण.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन आईबापांच्या पोटी झाला. म्युनिक येथे शिकत असताना वाफेच्या एंजिनाविषयी जे त्याने ऐकले ते त्याच्या मनाला लागून राहिले: जळणातील उष्णतेचा फार तर दहावा हिस्सा कामी येतो, उरलेली सारी वाया जाते. ही उधळपट्टी थांबविण्याच्या ध्यासाने त्याने १८९२ च्या फेब्रुवारीत आपल्या नव्या एंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या यंत्रशाळेत पहिले एंजिन उभे राहिले, आणि १० ऑगस्ट १८९३ रोजी त्याची परीक्षा झाली. ते स्वतःहून चालले नाही. कारखान्याच्या फिरत्या दांड्यावरून पट्टा घेऊन त्याला फिरवावे लागे. त्या दिवशी आत स्फोट मात्र झाला, आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. यंत्र चालण्यापूर्वीच निर्मात्याच्या जिवावर उठले होते. पण हवा दाबून इंधन पेटते, हे त्या स्फोटाने सिद्ध केले.

त्यानंतर सहा महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, तोच पट्टा जोडून प्रयोग चालू असता एका कामगाराच्या ध्यानात आले की, पट्ट्याची ताणलेली बाजू अकस्मात सैल पडली आहे. याचा अर्थ असा की, आतापर्यंत कारखाना एंजिनाला फिरवीत होता, तो आता एंजिनच कारखान्याला ओढू लागले होते. जेमतेम मिनिटभर, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी फेऱ्यांच्या गतीने, ते आपल्या बळावर फिरले. यंत्रविद्येच्या इतिहासात इतका मोठा क्षण इतक्या मुकाट्याने क्वचितच येऊन गेला असेल. बरोबर तीन वर्षांनी, १८९७ च्या फेब्रुवारीत, म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारलेल्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा जळणातील २६.२ टक्के उष्णता कामी येते असे आढळले. वाफेची सद्दी संपण्यास येथून आरंभ झाला.

पुढे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहानसे डिझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. स्वतः डिझेलचा शेवट मात्र शोकपूर्ण झाला. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये अँटवर्पहून हार्विचकडे निघालेल्या आगबोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला, आणि त्याच्या मृत्यूचे गूढ कायमचे राहिले.

यंत्र चालू झाले; पण ते रोज सकाळी चालू कसे करावे, हा प्रश्न उरलाच. आरंभीच्या मोठ्या एंजिनांत हौदात साठविलेली दाबाची हवा सोडून दट्ट्या हलवीत. मोठ्या जहाजांत आजही तीच रीत आहे. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज यंत्रज्ञाच्या समकालीन तेल-एंजिनात डोक्यावर एक लोखंडी गोळा असे; तो दिव्याच्या ज्योतीने आधी चांगला तापवावा आणि मगच चाक फिरवावे, असा रिवाज होता. थोडक्यात, थंड यंत्राला कोणी तरी बाहेरून एक तर ऊब द्यावी किंवा वेग द्यावा, या दोनच युक्त्या माणसाला सुचल्या, आणि आजतागायत तिसरी फारशी सापडलेली नाही.

महाराष्ट्राने ही विद्या प्रथम विहिरीच्या काठावर आत्मसात केली. किर्लोस्करवाडीत नांगर आणि चरक घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पुढच्या पिढीने, शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली, १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेल-एंजिनांचा कारखाना काढला, आणि मोटेची जागा हळूहळू पंपाने घेतली. या एंजिनाला वीज नव्हती, की किल्ली नव्हती. हातात हँडल, आणि झडप उचलून धरणारा एक खटका, एवढाच सरंजाम. शेतकरी खटका उचलून धरी, त्यामुळे आतील हवा कोंडली जात नसे व जड चाक सहज फिरे. चाकाने पुरेशी गती धरली की तो खटका सोडी, हवा एकदम दाबली जाई, आणि ‘धक्-धक्’ असा आवाज शिवारावर पसरे. अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या त्या माणसाला उष्णताशास्त्राचे सूत्र ठाऊक नव्हते. पण प्रथम वेग आणि मग दाब, हा क्रम त्याच्या मनगटाला पक्का माहीत होता. वेग अपुरा असेल तर कितीही हिसके मारले तरी उपयोग नाही, हेही त्याला कळत होते. बेलापूरच्या आपल्या गृहस्थांना नेमके हेच ज्ञान हवे होते.

लहान मोटारीत डिझेल एंजिन बसविणे दीर्घकाळ अशक्यप्राय वाटे. जर्मनीत प्रॉस्पर लोरांज याने १९०९ साली मुख्य नळकांड्याच्या माथ्यावर एक छोटी दालनवजा पोकळी ठेवण्याची युक्ती काढली. इंधन आधी त्या कोठडीत पेटावयाचे व तेथून खाली झेपावयाचे. बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून इंधन मोजून सोडणारा पंप मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. या दोहोंमुळे १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार लोकांपुढे आली. परंतु त्या छोट्या कोठडीच्या भिंती थंडीत उष्णता गिळून टाकीत. म्हणून प्रत्येक कोठडीत विजेने लाल होणारी एक तार बसवावी लागली. हाच तो ‘ग्लो प्लग’. मोटारीच्या चालकाने किल्ली अर्धी फिरवून क्षणभर थांबावयाचे, तार तापू द्यावयाची, आणि मग एंजिन फिरवावयाचे. जुन्या काळचा तो दिवा आता एंजिनाच्या पोटात गेला होता.

भारतात १९८० च्या सुमारास अँबॅसडर मोटार डिझेलवर धावू लागली, आणि १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटांच्या कारखान्यातून इंडिका बाहेर पडली. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असे, त्यामुळे रोज वाशीचा पूल ओलांडून मुंबईस जाणाऱ्या मध्यमवर्गीयाला ही मोटार परवडू लागली. पुढे इंधन एका सामाईक नळीत अतिशय उच्च दाबाने साठवून विजेच्या आज्ञेने सोडण्याची ‘कॉमन रेल’ पद्धत आली आणि डिझेल मोटारीचा गोंगाट ओसरला. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी सरकारने डिझेलच्या दरावरील नियंत्रण उठविले; १ एप्रिल २०२० पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, आणि मारुतीने त्याच वेळी डिझेल मोटारी बनविणे थांबविले. ज्या घरांना डिझेल मोटार हवी, त्यांच्यापैकी पुष्कळांची नजर म्हणूनच जुन्या बाजाराकडे वळते, आणि पारसिकच्या उतारावरील त्या सकाळीसारख्या सकाळी उगवतात.

आता इतिहासाने शिकविलेली रीत त्या मोटारीस लावून पाहावी. एंजिनाला तीन गोष्टी हव्यात: वेग, इंधन आणि न निसटणारी उष्ण हवा. यांपैकी कोणती उणी आहे, हे स्वस्त परीक्षेपासून महाग परीक्षेकडे, या क्रमाने शोधावे. उलट क्रमाने गेलेला मनुष्य एंजिन उघडून बसतो आणि दोष बॅटरीच्या तारेत निघतो.

पहिली परीक्षा वेगाची. किल्ली फिरविल्यावर एंजिन जोमाने फिरते की कण्हत-कुंथत, हे कानानेच कळते. बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साडेबाराच्या वर असावी, आणि एंजिन फिरत असताना साडेनवाच्या फारशी खाली जाऊ नये. बेलापूर खाडीकाठचे गाव आहे; तेथील खारट दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, आणि एंजिनाला देहाशी जोडणारी जाड तार आतून गंजते. नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी ही टोके घासून पाहिली तर पुष्कळदा खर्च वाचतो.

दुसरी परीक्षा धुराची, आणि ती तर फुकटची आहे. एंजिन फिरत असताना घरातील दुसऱ्या माणसाने मागे उभे राहून धुराड्याकडे पाहावे. पांढरट किंवा करडा धूर येत असेल, तर इंधन आत जात आहे पण पेटत नाही; मग ग्लो प्लग किंवा दाब यांचा संशय घ्यावा. धूर मुळीच येत नसेल, तर इंधनच पोहोचत नाही. या एका निरीक्षणाने निम्मा गोंधळ मिटतो. ग्लो प्लगची तपासणीही अवघड नाही: त्याची तार सोडवून बॅटरीचे धन टोक व प्लगचे टोक यांमध्ये परीक्षेचा दिवा धरावा, दिवा लागला तर आतील तार शाबूत आहे. मात्र येथे स्थळाचा विचार हवा. बेलापूरचा हिवाळा म्हणजे काही जर्मनीचा नव्हे. कोठडी असलेल्या जुन्या पद्धतीच्या एंजिनाला येथेही ग्लो प्लग लागतात. परंतु चारांपैकी एखादाच मेला असेल तर एंजिन मिनिटभर लंगडत व धूर ओकत चालेल, अजिबात रुसून बसणार नाही. नव्या कॉमन रेल एंजिनाला तर आपल्या हवेत त्यांची गरज फारच थोडी असते. तेव्हा केवळ कोणी सुचविले म्हणून चारही प्लग बदलणे म्हणजे ताप उतरविण्यासाठी उशी बदलण्यासारखे आहे.

आपल्या गृहस्थांच्या मोटारीची बॅटरी उत्तम होती, आणि पहिल्या सहा-सात प्रयत्नांत धुराचा मागमूस नव्हता. बेलापूर गावातील एका वयस्कर मिस्त्रीला त्यांनी घरी आणले. मिस्त्रीने बॉनेटला हात लावण्यापूर्वी रस्त्याचा चढ पाहिला आणि एकच प्रश्न विचारला:

“साहेब, रात्री गाडी उभी करता तेव्हा तिचं नाक वर असतं की खाली?”

“वर. चढाकडेच तोंड असतं. का हो?”

“मग आज रात्री उलटी लावा. उद्या सकाळी सांगा मला.”

त्या रात्री मोटार उताराकडे तोंड करून ठेवण्यात आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच किल्लीस सुरू झाली. यात चमत्कार काही नाही. मोटारीचे एंजिन पुढे, इंधनाची टाकी मागे. नाक वर असले की एंजिन टाकीच्या वर जाते. नळीत कोठे तरी केसाएवढी फट असेल तर तेथून हवा आत शिरते, आणि रात्रभरात नळीतील तेल हलके हलके टाकीत परत जाते. सकाळी पंप तेलाऐवजी हवाच चोखीत बसतो. दुपारी किंवा थोड्या वेळापूर्वी चाललेल्या मोटारीत तेल परतण्यास अवधीच मिळत नाही, म्हणून ती तत्काळ पेटते. नाक खाली असेल तर टाकीच उंचावर असते. मिस्त्रीने खात्रीसाठी मोटार पुन्हा चढाकडे तोंड करून रात्रभर ठेवविली, आणि सकाळी किल्लीपूर्वी गाळणीवरील हातपंप घट्ट होईपर्यंत दाबला. एंजिन लगेच सुरू झाले. मग गाळणीजवळ पारदर्शक नळीचा तुकडा बसवून त्याने तेलाबरोबर धावणारे बुडबुडे दाखविले. दोष निघाला तो वयाने कडक झालेल्या एका रबरी नळीत आणि तिच्या सैल पट्टीत.

प्रत्येक मोटारीच्या बाबतीत शेवट इतका गोड होत नाही, हे सांगणे प्राप्त आहे. गाळणीच्या बुडाशी पावसाळ्यात पाणी साचते. तेथील तोटी सोडून ते काढून टाकावे, आणि गाळणी वेळेवर बदलावी. कॉमन रेल एंजिनात नळीतील दाब ठराविक मर्यादेपर्यंत चढल्याखेरीज इंधन सोडलेच जात नाही. झिजलेले इंजेक्टर तेल परत गळू देत असतील तर तो दाब चढत नाही, आणि हा खर्च जड असतो. सर्वांत वाईट म्हणजे आतील कड्या व झडपा झिजून हवाच निसटणे. अशा एंजिनाचे तेल भरण्याचे झाकण ते चालू असता सैल केले की वाफेसारखे फुत्कार येतात, आणि पांढरा धूर लवकर हटत नाही. त्यावर नळकांड्यातील दाब मोजूनच निर्णय करावा, आणि डिझेलचा दाब पेट्रोलच्या मापकाने मोजू नये. तो त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. आणखी एक गोष्ट बजावून सांगण्याजोगी आहे. हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारून अडेल एंजिन चेतविण्याची खोड कोठे कोठे दिसते. तापलेल्या ग्लो प्लगशी त्या वायूची गाठ पडली तर १८९३ च्या ऑग्सबर्गची पुनरावृत्ती घरासमोर होण्याचा संभव असतो.

राहिला प्रश्न फसवणुकीचा. विकणाऱ्याला दोष माहीत होता काय? सपाट जागी मोटार ठेवणाऱ्यास तो कदाचित कधी जाणवलाही नसेल. परंतु ग्राहक येण्यापूर्वी एंजिन फिरवून गरम करून ठेवण्याची चाल बाजारात जुनी आहे, आणि तिच्यावर उपायही तितकाच साधा आहे. जुनी डिझेल मोटार पाहावयाची ती सकाळी, रात्रभर उभी असलेल्या जागी. किल्ली मागण्यापूर्वी बॉनेटवर तळहात ठेवावा, आणि तो उबदार लागला तर नमस्कार करून दुसऱ्या दिवशी यावे. दुपारचे एंजिन सर्वांशी गोड बोलते. त्याचा स्वभाव पहाटे कळतो.

सीबीडी बेलापुरातच कोकण रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. सुमारे ७४० किलोमीटरांचा तो मार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला, आणि दोन तपे सह्याद्रीच्या बोगद्यांतून डिझेलच्या एंजिनांनी गाड्या ओढल्या. २०२२ साली त्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. रस्त्यावरही विजेच्या मोटारी दिसू लागल्या आहेत, आणि त्यांना थंडपणी पेटण्याची विवंचनाच नाही. डिझेलचे युग ओसरत आहे, हे उघड आहे. तरीही ज्या घरांच्या दारात अशी मोटार उभी आहे, त्यांना ती अजून काही वर्षे नीट वापरावयाची आहे, कारण तिच्यात त्यांचा घाम गुंतला आहे.

ऑग्सबर्गच्या कामगाराने सैल पडलेला पट्टा पाहिला, आणि बेलापूरच्या मिस्त्रीने रस्त्याचा चढ पाहिला. दोघांनीही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याच्याकडे नीट पाहिले. पारसिकच्या उतारावरील ती मोटार आता पुन्हा चढाकडे तोंड करून उभी असते, आणि सकाळी सात वाजता मुले वेळेवर शाळेस जातात.